म्युनिकहून नॉयश्वानश्टाइन: एका दिवसाच्या सहलीचा प्रवास कसा आखावा

नॉयश्वानश्टाइनला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी गाड्यांचं वेळापत्रक उघडतात, आणि गाडं तिथेच अडतं. या किल्ल्यात हवं तेव्हा शिरता येत नाही. आत जायचं ते ठरलेल्या मिनिटाला, मार्गदर्शकासोबत, गटाने. तुमच्या तिकिटावर १३:४० छापलं असेल आणि तुम्ही १३:५० ला धापा टाकत दारात पोचलात, तर तो गट गेलेला असतो आणि तिकीटही वाया गेलेलं असतं. गाडी उशिरा आली, बस भरलेली होती, ही कारणं दारावर चालत नाहीत.

म्हणून या सहलीची आखणी उलटी करायची असते. आधी किल्ल्यातली वेळ, मग तिथून मागे मागे येत बस, आगगाडी आणि शेवटी घरातून निघायची वेळ. एवढं पथ्य पाळलं तर बाकी प्रवास अगदी सोपा आहे. म्युनिकहून फ्युसेनपर्यंत आगगाडी, फ्युसेनहून होहेनश्वानगाउ गावापर्यंत बस आणि गावातून किल्ल्यापर्यंत चढण, असे तीनच टप्पे. पण प्रत्येक टप्प्याच्या खाचाखोचा वेगळ्या आहेत.

आधी किल्ल्याचं तिकीट

तिकीट होहेनश्वानगाउच्या तिकीट केंद्राच्या अधिकृत संकेतस्थळावर काढा. शोधताना वरच्या दोन-चार दुव्यांत दलालांची पानं येतात. तीच वेळ, तोच दरवाजा, फक्त भाव चढा. अधिकृत दर प्रौढांसाठी २० युरोच्या थोडा वर आहे आणि ऑनलाइन आरक्षणाचे वर दोन-अडीच युरो. १८ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे, पण त्यांच्याही नावाने जागा आरक्षित करावीच लागते. 'पोराचं तिकीट लागत नाही' म्हणून त्याला मोजलंच नाही, तर गटात त्याच्यासाठी जागा नसते.

वर्षाला दहा लाखांहून जास्त माणसं इथे येतात. २०२५ मध्ये हा किल्ला बांधणारा बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा याचे राजवाडे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यामुळे ओघ आटायची चिन्हं नाहीत. उन्हाळ्यात आणि शनिवार-रविवारी त्याच दिवशी जाऊन खिडकीवर तिकीट मिळेल या भरवशावर निघू नका. मिळतं कधी कधी, पण मग वेळ दुपारी उशिराची हाती येते आणि सगळा दिवस गावात रेंगाळण्यात जातो.

आता कोणती वेळ घ्यायची? इथे आगगाडीचं तिकीट मध्ये येतं, म्हणून खालचा भाग वाचून झाल्यावरच पैसे भरा.

उघडण्याच्या वेळा अशा: मार्चच्या अखेरीपासून १५ ऑक्टोबरपर्यंत सकाळी ९ ते संध्याकाळी ६, आणि १६ ऑक्टोबरनंतरच्या हिवाळ्यात १० ते ४. २४, २५, ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला किल्ला बंद असतो. नाताळच्या सुट्टीत नातेवाईक येणार असतील तर हे आधी पाहा.

आगगाडीचं तिकीट: बायर्न तिकीट की डॉइचलांड तिकीट

तुम्ही म्युनिकमध्ये राहायला आला असाल, तर बहुधा तुमच्याकडे डॉइचलांड तिकीट असेलच. मे २०२३ मध्ये ४९ युरोंनी सुरू झालेलं हे मासिक तिकीट २०२५ मध्ये ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंवर गेलं आहे. ते असेल तर या सहलीसाठी वेगळं काहीही काढायचं नाही. म्युनिकची यू-बान (भुयारी रेल्वे) आणि एस-बान (उपनगरी रेल्वे), फ्युसेनची प्रादेशिक गाडी आणि फ्युसेनहून पुढची बस, सगळं त्यात येतं. वेळेचंही बंधन नाही. मात्र हे तिकीट एकाच माणसाचं असतं, दुसऱ्याला देता येत नाही. आणि ते वर्गणीसारखं आपोआप पुढच्या महिन्यात जातं. एकाच महिन्यापुरतं घेतलं असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावं लागतं. हे न कळल्याने पुढच्या महिन्याचे पैसे गेलेले नवखे लोक पावलोपावली भेटतात.

गटासाठी, किंवा आई-बाबा फिरायला आले असतील तेव्हा, बायर्न (म्हणजे बव्हेरिया) तिकीट बरं. एका तिकिटावर एक ते पाच माणसं दिवसभर बव्हेरियातल्या प्रादेशिक गाड्यांतून हिंडू शकतात. पहिल्या माणसाचे ३० युरोंच्या आसपास आणि पुढच्या प्रत्येकाचे साधारण १० युरो असा हिशोब असतो. दर अधूनमधून वाढतात, म्हणून नेमका आकडा काढताना पाहून घ्या. चौघे असाल तर माणशी १५ युरोंच्या जवळपास पडतं, त्यात जाणं-येणं, बस आणि रात्री म्युनिकमध्ये घरी पोचायची यू-बानसुद्धा आली. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही.

पण एक अट मोठी आहे. सोमवार ते शुक्रवार हे तिकीट सकाळी ९ नंतरच चालतं. शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्टीला मध्यरात्रीपासून, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी पहाटे ३ पर्यंत. म्हणजे बुधवारी जाणार असाल तर ९ नंतर सुटणारीच गाडी धरायची. ८:५० च्या गाडीत बसून 'दहाच मिनिटं तर आहेत' हे तपासनीसाला पटत नाही. वैध तिकीट नसलेल्या माणसाला ६० युरोंचा भुर्दंड बसतो, आणि पाच जणांचा हिशोब तुम्हीच करा.

बायर्न तिकिटावर प्रवाशांची नावं लिहायची असतात. यंत्रातून छापील तिकीट काढलंत तर गाडीत बसण्याआधी पेनने नावं भरा आणि ओळखपत्र जवळ ठेवा. पाहुण्यांचे पासपोर्ट तर हवेतच, फ्युसेन ऑस्ट्रियाच्या हद्दीला लागून आहे.

दोन्ही तिकिटं आयसीई, आयसी, ईसी या वेगवान गाड्यांत चालत नाहीत. फ्युसेनला अशी गाडी सरळ जात नाही, त्यामुळे काळजी कशाची असं वाटेल. पण जर्मन रेल्वेचं डीबी नॅव्हिगेटर हे अॅप कधी कधी अर्ध्या वाटेपर्यंत ईसी सुचवतं. त्यात फक्त डॉइचलांड तिकिटावर चालणाऱ्या गाड्या दाखवायची सोय आहे. ती चालू करून शोधा, मग बायर्न तिकीटवाल्यांचाही प्रश्न मिटतो.

उलटा हिशोब, प्रत्यक्ष

आता एक उदाहरण घेऊ. वार बुधवार, तिकीट बायर्न.

नऊ ते दहाच्या दरम्यानची गाडी म्युनिकहून सुटते आणि साधारण दोन तासांत, म्हणजे साडेअकरा-बाराच्या सुमाराला, फ्युसेनला टेकते. स्थानकाबाहेर बस मिळून होहेनश्वानगाउला उतरेपर्यंत अर्धा तास धरा. बस स्वतः दहा मिनिटांतच पोचते, पण गर्दीत पहिली बस भरून जाते. मग चढण ३० ते ४० मिनिटं. वर दारापाशी १५ मिनिटं आधी उभं राहायचं. म्हणजे सगळं सुरळीत गेलं तर एकच्या पुढे-मागे तुम्ही आत जायला तयार असता. आणि सगळं सुरळीत जात नाही, म्हणून एक गाडी चुकली तरी निभावेल एवढी फट ठेवायची. इथल्या गाड्या साधारण तासाला एक. तेव्हा बुधवारी २ ते २:३० ची वेळ घ्या. एकची वेळ घेतलीत तर सगळा प्रवास घड्याळाकडे बघण्यात जातो.

शनिवारी किंवा डॉइचलांड तिकिटावर सात-आठची गाडी धरता येते. मग ११:३०-१२ ची वेळ सोयीची. लवकर निघण्यात दुहेरी फायदा आहे. पर्यटक बसगाड्यांचा लोंढा दुपारी सर्वांत मोठा असतो, आणि परतीला उजेड हाताशी राहतो. डिसेंबरात साडेचारलाच अंधारायला लागतं. त्या दिवसांत तीनची वेळ घेतलीत तर उतरताना किल्ला फक्त दिव्यांच्या उजेडात दिसेल.

वर उरलेला वेळ वाया जात नाही. मारियनब्रुक हा पूल, त्याखालची पोलाट दरी, खालचं आल्पझे तळं, हे सगळं विनातिकीट आहे. खरं सांगायचं तर आतल्या अर्ध्या तासापेक्षा बाहेरचे दोन तासच लोकांच्या लक्षात राहतात.

टप्पा पहिला: म्युनिक ते फ्युसेन

गाडी बायेरिशे रेगिओबान या कंपनीची, फलकावर बीआरबी. क्रमांक आरबी ६८. काही गाड्या थेट जातात, काहींना बुखलो किंवा काउफबॉयरेनला बदलावं लागतं. शक्य असेल तर थेट गाडी पकडा, भले ती अर्धा तास उशिराची असो. पाच-सात मिनिटांच्या बदलात पहिली गाडी जराशी रेंगाळली की दुसरी निघून जाते आणि तास गेला.

म्युनिकचं मुख्य स्थानक म्हणजे एक नाही, तीन स्थानकं जोडलेली समजा. मधलं मोठं दालन फलाट ११ ते २६ चं. त्याच्या एका कडेला ५ ते १० आणि दुसऱ्या कडेला २७ ते ३६. फ्युसेनकडच्या गाड्या बहुधा या २७ ते ३६ च्या बाजूने सुटतात, आणि मधल्या दालनातून तिथवर चालत जायलाच पाच-सात मिनिटं लागतात. त्यात स्थानकाचं मोठं बांधकाम चालू आहे. वाटा वळवलेल्या आहेत, पत्र्याच्या भिंती उभ्या आहेत. यू-बानमधून वर येऊन फलाट गाठायला २० मिनिटं हाताशी ठेवा. शहराच्या पश्चिम भागात राहत असाल तर मुख्य स्थानकावर जाऊच नका. या गाड्या पासिंगला थांबतात आणि पासिंगचं स्थानक आटोपशीर आहे. फक्त सुट्टीच्या दिवशी पासिंगला बसायला जागा मिळेलच असं नाही, कारण या गाड्यांत आसन आरक्षण नसतं.

फलकावरचे दोन-तीन शब्द ओळखता आले म्हणजे झालं. 'ग्लाइस' म्हणजे फलाट. 'फेल्ट आउस' दिसलं तर गाडी रद्द. आणि फलाटाचे ए, बी, सी, डी असे भाग असतात. तुमची गाडी डी भागात लागणार असेल आणि तुम्ही ए मध्ये उभे असाल तर शेवटच्या मिनिटाला सामानासकट पळावं लागतं. बव्हेरियात प्रादेशिक गाडीचे वाटेत दोन भाग होऊन ते दोन दिशांना जाणं नवीन नाही. म्हणून गाडीत शिरताना डब्यावर फ्युसेन लिहिलंय की नाही ते वाचा, नुसत्या गाडीच्या क्रमांकावर जाऊ नका.

आणखी एक शब्द महत्त्वाचा: एसईव्ही. रुळांचं काम चालू असलं की गाडीऐवजी बदली बस सोडतात, तिची ही खूण. शनिवार-रविवारी आणि शाळांच्या सुट्टीत अशी कामं काढली जातात. बस तिकिटात येते, पण ती गाडीपेक्षा सावकाश जाते आणि स्थानकाबाहेर कुठे उभी आहे हे शोधावं लागतं. किल्ल्याचं तिकीट काढण्याआधी त्या तारखेचा प्रवास अॅपमध्ये टाकून पाहा. मध्येच बसचं चिन्ह दिसलं तर तारीख बदला, किंवा निदान एक तास जास्त धरा. आदल्या रात्री पुन्हा एकदा पाहायचं. सकाळी घरातून निघताना तिसऱ्यांदा पाहिलंत तर कोणी हसणार नाही, जर्मन लोकही तेच करतात.

काउफबॉयरेन मागे पडलं की गाडीचा वेग मंदावतो आणि समोर आल्प्स उगवू लागतात. मार्कटोबरडोर्फच्या पुढचा फ्युसेनपर्यंतचा हा लोहमार्ग १८८९ चा. किल्ला बांधणारा लुडविग १३ जून १८८६ लाच श्टार्नबर्गच्या तळ्यात मृतावस्थेत सापडला होता, म्हणजे तुम्ही ज्या गाडीने आरामात जाता ती त्याच्या नशिबी नव्हती. १८६९ मध्ये पायाभरणी करून सतरा वर्षं ज्याचं बांधकाम चाललं, त्या किल्ल्यात तो स्वतः जेमतेम १७२ दिवस राहिला. तो गेल्यावर दोन महिन्यांच्या आत, १ ऑगस्ट १८८६ ला, किल्ला लोकांसाठी तिकीट लावून खुलासुद्धा झाला.

टप्पा दुसरा: फ्युसेन ते होहेनश्वानगाउ

फ्युसेन हे शेवटचं स्थानक आहे, पुढे रूळच नाहीत. उतरल्यावर शोधाशोध करायची गरज पडत नाही, अख्खी गाडी एकाच दिशेने चालू लागते. बसथांबे स्थानकाला लागूनच आहेत. ७३ किंवा ७८ क्रमांकाची बस होहेनश्वानगाउला जाते. वर सांगितलेली दोन्ही तिकिटं बसमध्ये चालतात, फक्त चालकाला दाखवायची.

गर्दीच्या दिवशी एक छोटी युक्ती कामी येते. गाडी फ्युसेनला पोचायच्या पाच मिनिटं आधी उठून स्थानकाच्या इमारतीकडच्या टोकाला, म्हणजे गाडीच्या पुढच्या डब्यात, जाऊन उभं राहायचं. बसच्या रांगेत पहिल्या पन्नासात असणं आणि दीडशेवं असणं यात अर्ध्या तासाचा फरक पडू शकतो. पाच जण असाल तर टॅक्सीचाही विचार करा, अंतर चारेक किलोमीटरच आहे. चालत जायलाही रस्ता सपाट आणि छान आहे, पण त्यापुढे चढण आहे हे ध्यानात ठेवा.

टप्पा तिसरा: शेवटची चढण

घोडं पेंड खातं ते इथे, आणि इथे तर खरोखरचं घोडंही आहे.

होहेनश्वानगाउ गाव खाली आहे, किल्ला वर. ऑनलाइन तिकीट असेल तर तिकीट केंद्राच्या रांगेत थांबायचं नाही, थेट चढायला लागायचं. वर जायचे तीन मार्ग.

चालत. डांबरी रस्ता आहे, सुमारे दीड किलोमीटर, ३० ते ४० मिनिटं. वाट हरवण्याचा प्रश्नच नाही, पण चढ सलग आहे. धडधाकट माणसाने हाच मार्ग घ्यावा, कारण यात कुणाची वाट पाहावी लागत नाही आणि वेळेचा अंदाज चुकत नाही.

घोडागाडी. गावातून निघते, आरक्षण नाही, भरली की सुटते. किल्ल्याच्या थोडी खालीच सोडते. तिथून दारापर्यंत दहा-पंधरा मिनिटांची चढण पायी करावीच लागते. पैसे रोख द्यायची तयारी ठेवा.

छोटी बस. ही किल्ल्यापाशी जात नाही, त्याच्या वरच्या अंगाला, मारियनब्रुक पुलाजवळ सोडते. तिथून किल्ल्याकडे पंधरा मिनिटं उतरायचं. पूल आधी पाहायचा असेल तर ही उत्तम. बर्फ किंवा निसरडं असेल त्या दिवशी ती बंद असते.

सोबत वयस्कर आई-बाबा असतील तर यातलं काय निवडायचं, यावर जरा थांबू. बसने आरामात वर जाऊ असं सगळ्यांना वाटतं. पण ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, आणि बसनंतरचा तो उतार चांगलाच तीव्र आहे. घोडागाडीनंतरची चढण तेवढी तीव्र नाही आणि मध्ये मध्ये थांबता येतं. शिवाय परतीला बसने यायचं ठरवलं तर किल्ल्यापासून थांब्यापर्यंत तीच वाट चढावी लागते. माझं मत: गुडघ्यांचा त्रास असेल तर जाताना-येताना दोन्ही वेळा घोडागाडी, आणि पूल पाहायचा मोह सोडायचा. दम लागतो पण गुडघे ठीक आहेत, तर जाताना बस, पूल, उतरून किल्ला, आणि खाली येताना सावकाश पायी. आत शिरल्यावरही दीडशेच्या वर पायऱ्या चढाव्या लागतात, हे त्यांना घरीच सांगून ठेवा. दारात गेल्यावर कळलं की चेहरे पडतात.

मारियनब्रुक दरीवर सुमारे ९० मीटर उंचीवर आहे. किल्ल्याची जी छायाचित्रं सगळीकडे दिसतात त्यातली बरीचशी इथून काढलेली असतात. पुलावर जायलाही गर्दीच्या दिवशी रांग लागते. म्हणून आत जायच्या वेळेआधी तासभर तरी मोकळा नसेल, तर पूल नंतरच पाहा. बर्फ पडला की पूल बंद करतात. कुंपण ओलांडून जाणारे महाभाग दिसतील, त्यांच्या मागे जाऊ नका.

आत मोठ्या पाठपिशव्या आणि बाबागाड्या नेता येत नाहीत, फोटोही काढू देत नाहीत. सुटकेस घेऊन थेट विमानतळावरून ही सहल करायचा बेत असेल तर तो मोडा. सामान म्युनिकमध्येच ठेवून या. लहान मूल असेल तर अंगाला बांधायची झोळी आणा.

गाडी भाड्याने घेतली तर

चौघे-पाच जण असाल आणि वाटेत 'वीस' नावाच्या गावातल्या चर्चसारखी आणखी ठिकाणं जोडायची असतील, तर स्वतःची गाडी बरी. अंतर सुमारे १२० किलोमीटर. ए ९६ ने लांड्सबर्गपर्यंत आणि पुढे बी १७ ने शोंगाउवरून श्वानगाउ, हा सरळ रस्ता. दोन तास धरा, उन्हाळ्यातल्या शनिवारी अडीच. होहेनश्वानगाउमध्ये सशुल्क वाहनतळ आहेत, पण वरपर्यंत खासगी गाडी नेता येत नाही. म्हणजे शेवटची चढण तुमचीही सुटत नाही.

नव्याने राहायला आलेल्यांसाठी एक नियम: भारतीय वाहन परवाना जर्मनीत वास्तव्य सुरू केल्यापासून सहाच महिने चालतो. सोबत आंतरराष्ट्रीय परवाना किंवा अधिकृत भाषांतर असावं. सातव्या महिन्यात तोच परवाना दाखवून गाडी चालवली, तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही विनापरवाना आहात. थंडीच्या दिवसांत गाडीला हिवाळी टायर आहेत का, हे भाड्याने देणाऱ्याला विचारून घ्या. रस्ता बर्फाळ असेल तेव्हा ते सक्तीचे आहेत.

म्युनिकहून निघणाऱ्या सहलीच्या बसगाड्याही आहेत. त्यातल्या बऱ्याच लिंडरहोफ हा लुडविगचा दुसरा राजवाडाही दाखवतात. एकाच दिवसात दोन्ही पाहायचे असतील तर तो मार्ग सोयीचा, कारण आगगाडी-बसने दोन्ही जोडणं म्हणजे दिवसभर थांब्यावर उभं राहणं. पैसे भरण्याआधी किल्ल्याचं प्रवेशतिकीट त्यात धरलंय का, हे नीट वाचा. बहुतेकदा ते वेगळं असतं, आणि कधी कधी तर तुम्हालाच काढावं लागतं.

परतीचा प्रवास

जाताना सगळे वेगवेगळ्या वेळी येतात, परतताना सगळ्यांना एकदमच निघायचं असतं. चार ते सहाच्या दरम्यान होहेनश्वानगाउच्या थांब्यावर लांबच लांब रांग असते आणि फ्युसेनहून म्युनिकची गाडीही खचाखच भरते. यातून सुटायचे दोन मार्ग. एक तर किल्ला पाहून लगेच खाली येऊन चारच्या आत बस पकडा. नाहीतर घाईच करू नका. आल्पझेच्या काठाने चाला, फ्युसेनच्या जुन्या गावात उतरून पोटपूजा उरका आणि सातनंतरची गाडी धरा. बायर्न तिकीट पहाटे ३ पर्यंत चालतं, त्यामुळे त्या बाजूने घाई नाही. मात्र त्या दिवशी फ्युसेनहून म्युनिकला जाणाऱ्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा सकाळीच फोनमध्ये टिपून ठेवा, आणि बेत शेवटून दुसऱ्या गाडीचा करा. बसच्या फेऱ्याही संध्याकाळनंतर विरळ होतात. बस चुकलीच, तर होहेनश्वानगाउहून फ्युसेन स्थानकापर्यंत पायी तासभर लागतो.